चहाच्या जागी अंघोळ

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या कपाटावर जसे बिघडलेले कीबोर्ड साठत जातात, तसे ते साठतात. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि एक दिवस कपाटाचं दार जरा जोरात उघडलं की सगळे डोक्यावर. मी वर्गात फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे इतरांपेक्षा जास्तच साठलेत. म्हटलं, लिहूनच काढावेत.

आमचा क्लब म्हणजे शाळा सुटल्यावर लॅबमध्ये थांबणारे नववीतले आम्ही तिघं. गौरव परब, समीक्षा कांबळे आणि मी, मुग्धा. गौरव घाई करतो, समीक्षा बोलते आणि मी बघते. चौथे गायकवाड सर, जे आम्हाला कॉम्प्युटर शिकवतात आणि आमच्यामुळे रोज घरी उशिरा जातात.

सर आम्हाला एक टूलकिट शिकवत होते. त्यात पडदा, म्हणजे स्क्रीन, चित्रासारखा काढायचा नसतो, लिहायचा असतो. टोकदार कंसांत लिहायचं, की इथे एक बटण आहे, त्यावर हा शब्द आहे, दाबलं की हा आवाज येतो. त्या लिहिण्याला एक्सएमएल म्हणतात. सर सांगतात, हे हॉटेलात ऑर्डर देण्यासारखं आहे. काय हवं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. किचनमध्ये घुसायचं नाही.

आम्ही किचनमध्ये घुसलो, ते गौरवच्या आजोबांमुळे.

दिवाळीत आजोबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. हळूहळू ते उठून बसायला लागले, काठी घेऊन घरातल्या घरात चालायलाही लागले. त्यांना समजतं सगळं. पण बोलणं गेलं, आणि तोंडात फक्त एक शब्द राहिला. 'बराय.' भूक लागली तरी बराय. पंखा बंद करा म्हणायचं असलं तरी बराय. आणि कोणालाच काही कळलं नाही की रागाने, मोठ्याने, बराय!

गौरवचे काका कुर्ल्याला राहतात. तिकडे लिफ्ट आहे, आणि परबांच्या मुलुंडच्या घराला तीन जिने. एका रविवारी काका आले आणि त्यांनी प्रेमाने विचारलं, की बाबा, मुलांच्या परीक्षा संपल्या की तुम्हाला माझ्याकडे न्यायचं ना?

आजोबा म्हणाले, "बराय."

झालं. ठरलं!

गौरवने हे आम्हाला लॅबमध्ये सांगितलं, तेव्हा तो नेहमीसारखा खुर्चीवर गोल फिरत नव्हता. "त्यांना जायचं असेल तर जाऊ दे ना," तो म्हणाला. "पण ते त्यांनी सांगायला पाहिजे. आत्ता त्यांना कोणी चंद्रावर चला म्हटलं तरी ते बरायच म्हणणार."

म्हणून आम्ही आजोबांसाठी बोलणारी बटणं करायला घेतली. परीक्षा संपायच्या आत.

*

पहिला पडदा आम्ही सरांच्या पद्धतीने केला. बटणं एकामागून एक लिहायची, ती ओळींत कुठे बसवायची ते टूलकिट ठरवणार. गौरवने दिवसाच्या क्रमाने लिहिलं. गौरवच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, नियमाप्रमाणे आधी अंघोळ, मग चहा, मग पेपर, मग बाकीचं. गौरवच्या बाबांचा जुना टॅब होता, एका कोपऱ्याला तडा गेलेला. त्यावर ते चढवलं आणि आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

आजोबा चष्मा लावायला तयार नसतात. त्यामुळे बटणावरचं चित्र, अक्षर वगैरे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी जागा पाठ केली. वरच्या ओळीत दुसरी जागा म्हणजे चहा. दोन-तीन दिवसांत त्यांचा हात न बघता तिथे जायला लागला. आम्ही लॅबमध्ये एकमेकांना टाळ्या दिल्या.

मग गौरवला सुचलं, की 'चष्मा' हेही बटण हवं. त्याने ते सगळ्यात आधी लिहून टाकलं. टूलकिटने आज्ञाधारकपणे बाकी सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी चहाची जागा दाबली. टॅब म्हणाला, "मला अंघोळ करायची आहे."

काकूंनी त्यांना अंघोळ घातली. बाहेर आल्यावर आजोबांनी परत तीच जागा दाबली. टॅब परत म्हणाला, "मला अंघोळ करायची आहे." काकूंना वाटलं, उकडत असेल. मार्च महिना होता. आजोबा बराय बराय ओरडत होते, आणि काकूंना वाटलं, त्यांना अंघोळ फारच आवडली.

गौरव शाळेतून घरी गेला, तेव्हा आजोबांच्या दोन अंघोळी झाल्या होत्या आणि चहा एकही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तोंड पाडून हे आम्हाला सांगितलं. समीक्षाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढे स्वच्छ आजोबा अख्ख्या मुलुंडमध्ये नसतील रे."

*

उपाय उघड होता. प्रत्येक बटणाला कायमची जागा द्यायची. डावीकडून इतकं, वरून इतकं, आणि मग वरून देव आला तरी हलायचं नाही. याला ॲब्सोल्यूट पोझिशनिंग म्हणतात.

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला मार्कर खाली ठेवला. सर मार्कर खाली ठेवतात म्हणजे मामला गंभीर असतो. त्यांनी आम्हाला बरंच समजावलं. ही वाईट सवय आहे, पडदा लहान-मोठा झाला की सगळ्याची वाट लागते, शहाणा माणूस बटणांना जागा देत नाही, नियम देतो. उद्या दुसरा टॅब आला तर काय कराल?

समीक्षा म्हणाली, "सर, टॅब एकच आहे. आणि आजोबापण एकच आहेत."

 सरांनी मार्कर उचलला, फळ्यावर दोन आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि एक्स म्हणजे काय, वाय म्हणजे काय ते शिकवायला सुरुवात केली. मधेच थांबून म्हणाले, "हे मी शिकवलं असं बाहेर सांगू नका."

*

आता गौरवची घाई. त्याने बटणं ज्यात लिहायची ती जुनी, ओळीत बसवणारी पेटी काढून टाकली आणि नवीन, कायमच्या जागांची पेटी घातली. जागांचे आकडे मात्र घातले नाहीत. म्हणाला, आधी चालतंय का ते तर बघू.

चालत होतं. पडद्यावर फक्त एक बटण होतं, डावीकडे वरच्या कोपऱ्यात. 'संडास'.

बाकीची कुठे गेली म्हणून आम्ही शोधत बसलो. सगळी तिथेच होती, एकाच्या डोक्यावर एक. संडास सगळ्यात शेवटी लिहिलेला, म्हणून तो सगळ्यात वर.

समीक्षा बराच वेळ त्या एकुलत्या एका बटणाकडे बघत होती. "आजोबांच्या आयुष्यात आता एवढंच उरलंय का, परब?"

सरांनी सांगितलं, की ज्याला कुठे उभं राहायचं ते सांगितलेलं नसतं, तो या पेटीत आपोआप कोपऱ्यात जाऊन उभा राहतो.

"म्हणजे मुग्धासारखा," समीक्षा म्हणाली. सगळे हसले. मीपण हसले. त्या वेळी मी कुठे उभी होते ते लिहीत नाही.

*

आकडे काढायचं काम समीक्षाने घेतलं. तिने कंपासपेटीतली पट्टी काढली, मॉनिटरला लावली, एक डोळा मिटून मोजलं आणि चहा डावीकडून पाच, वरून तीन, असं सगळं लिहून काढलं. सुंदर अक्षरात. मग ते आकडे भरले.

बटणं परत कोपऱ्यात. फक्त या वेळी एकमेकांच्या डोक्यावर नव्हती, खांद्यावर होती.

सर म्हणाले, "अगं, हे आकडे सेंटिमीटरचे नाहीत. पिक्सेलचे आहेत. पडद्यावरचे बारीक ठिपके."

समीक्षाने पट्टी पुढे केली. "मग ठिपक्यांची पट्टी द्या ना, सर."

अशी पट्टी काही नव्हती. म्हणून आम्ही मॉनिटरला सेलोटेपने ट्रेसिंग पेपर लावला, त्यावर आलेखाच्या कागदासारखे चौकोन आखले आणि एका चौकोनात किती ठिपके बसतात ते मोजून घेतलं. नेमक्या त्याच दिवशी मोठ्या बाई पाहुण्यांना शाळा दाखवत लॅबमध्ये आल्या. कागद गुंडाळलेला मॉनिटर बघून त्यांनी हळूच विचारलं, की याला काय झालंय?

समीक्षा उभी राहून म्हणाली, "बाई, याला चष्म्याचा नंबर लागलाय."

पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, नवीन काहीतरी टेक्नॉलॉजी असेल.

*

पडद्यावर वायचा आकडा वाढला की बटण खाली जातं. वरून मोजतात ना, म्हणून. महिनाभर आम्ही तेच करत होतो आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली, की गणिताच्या चाचणीत तिघांनीही वाय अक्षावरचे धन आकडे खाली मांडले. तिघांचे आलेख डोक्यावर उभे!

नाईक बाईंनी तिघांना बोलावलं. त्यांना कॉपीचा संशय होता. पण मी पहिल्या बाकावर बसते, समीक्षा खिडकीशी आणि गौरव शेवटच्या बाकावर, जिथून त्याला फळाही दिसत नाही. बाईंना काही उलगडा होईना.

गौरवने प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, आमच्याकडे वाय खालीच जातो."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे काहीही होऊ दे. माझ्या पेपरात तो वर जाणार."

*

लॅबच्या मॉनिटरवर सगळं झकास बसलं. डावीकडे खाण्यापिण्याचं, मधे पंखा-दिवा-टीव्ही, उजवीकडे पाणी, औषध आणि संडास. आम्ही उड्या मारत परबांच्या घरी गेलो, म्हणजे तीन जिने चढताना जेवढ्या मारता येतात तेवढ्या, आणि टॅब लावला.

उजवीकडचं काहीच नाही. मॉनिटर रुंद, टॅब अरुंद. आम्ही आकडे मॉनिटरवर मोजले होते. सरांनी आधीच सांगितलेली वाट लागली होती, अगदी त्यांच्याच शब्दांत.

"पाणी गेलं," गौरव म्हणाला.

"गेलं नाही रे," समीक्षा म्हणाली. "आहे. फक्त मुलुंड ओलांडून ठाण्यात शिरलंय."

काकू आमच्यासाठी पोहे घेऊन आल्या होत्या. त्यांनी टॅबमध्ये डोकावून पाहिलं. "त्यात काय एवढं? आमच्या नळाचंही तसंच आहे."

त्यानंतर आम्ही सगळं टॅबवरच मोजलं. सरांना कळवलं नाही. सरांनी विचारलंही नाही. फक्त त्या दिवशी ते जरा गुणगुणत होते.

*

आता आवाजाचं. टूलकिटचा स्वतःचा आवाज बातम्या दिल्यासारखा बोलायचा. अंघोळीच्या दिवसापासून आजोबांचा त्या आवाजावर राग होता. तो आला की ते टॅब पालथा करून ठेवायचे. म्हणून माणसाचा आवाज भरायचं ठरलं. गौरवचा आवाज सध्या फुटतोय, एकाच वाक्यात दोन माणसं बोलल्यासारखी वाटतात. समीक्षाला वाक्य संपायच्या आत हसू येतं. राहिले मी.

मी लॅबचं दार लावून, भिंतीकडे तोंड करून सगळी वाक्यं म्हटली. "मला चहा हवा आहे, कृपया." स्पष्ट, शुद्ध आणि हळू.

आजोबांनी बटण दाबलं. ते ऐकून काकू पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून बाबांनी मला एकदाही कृपया म्हटलेलं नाही, त्या म्हणाल्या, मला तर भीतीच वाटली. मग त्यांनी सांगितलं, की बाबा गिरणीत होते, मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, आणि बोलणार ते मालवणीतच. त्यांना चहा हवा झाला की पूर्ण बिल्डिंगला कळायचं. ते म्हणायचे, "चाय हाड गो!" म्हणजे, चहा आण गं.

आजोबा काकूंकडे बघत होते. हसत नव्हते, पण अगदी लक्ष देऊन ऐकत होते.

मग काय, मला गच्चीवर नेलं. मी एका टोकाला, समीक्षा पाण्याच्या टाकीच्या पलीकडे. मी म्हणायचं, तिला ऐकू आलं पाहिजे. पहिल्यांदा तिने नकारार्थी हात हलवला. दुसऱ्यांदाही. चौथ्यांदा म्हणाली, की तुझे ओठ हलतायत एवढंच दिसतंय. मला रडू यायचं बाकी होतं. मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडले, "चाय हाड गो!"

खालच्या कुठल्यातरी मजल्यावरची खिडकी उघडली आणि एका बाईंचा आवाज आला, "हाडतंय, वायच थांब!" म्हणजे, आणतेय, जरा थांब.

तेच रेकॉर्डिंग आम्ही ठेवलं. बाईंचं उत्तर तेवढं कापलं.

आजोबांनी ते बटण दाबलं, ऐकलं, परत दाबलं. काकू चहा घेऊन आल्या तरी दाबतच होते. चहा नको होता. त्यांना नुसतं ऐकायचं होतं.

*

परीक्षा जवळ आल्या. काकांचा फोन येऊन गेला, की परीक्षा संपल्या की पहिल्याच रविवारी येतो. आजोबा आता चहा, पाणी, पेपर, पंखा सगळं मागत होते. पण त्यांना कुर्ल्याला जायचंय की नाही, हे विचारलं की तेच. बराय.

त्यातच टॅब बिघडल्यासारखं झालं. आजोबा खाली उजवीकडे, जिथे काहीच नव्हतं, तिथे बोट आपटायला लागले. संडासच्या खाली थोडी मोकळी जागा होती, कारण तिथे ठेवायला आम्हाला काही सुचलं नव्हतं. गौरवने टॅब बंद करून परत चालू केला. समीक्षाने काच पुसली. आजोबा मोकळ्या जागेवर बोट आपटतच राहिले, आणि वर आमच्याकडे रागाने बघत राहिले.

मी दोन संध्याकाळी नुसती बसून बघत होते. काकूंनी उपमा आणला, बोट तिथे. गौरवने टीव्ही मोठा केला, बोट तिथे. शेजारचे एक आजोबा येऊन, आता काय बाबा, मजा, कुर्ल्याला लिफ्टने जायचं यायचं, असं म्हणाले, आणि आजोबांचं बोट तिथे, परत तिथे, परत तिथे.

शेजारचे आजोबा गेल्यावर मी म्हणाले, "आपण 'नको' ठेवलंच नाही."

मी इतकी हळू म्हणाले, की गौरवने विचारलं, काय? मग मी परत म्हणाले. या वेळी गच्चीवरच्या आवाजात.

 आम्ही आजोबांना हवं असेल ते सगळं दिलं होतं. नको म्हणायची सोय एकालाही सुचली नव्हती. आजोबांनी टॅब माझ्या हातात दिला. स्वतःहून पहिल्यांदाच.

जागा शोधावी लागली नाही. काचेवर त्यांच्या बोटाचा तेलकट डाग पडला होता. त्या डागाचा मध्य मोजला आणि ते आकडे तसेच्या तसे एक्सएमएलमध्ये लिहिले.

सरांनी दुसऱ्या दिवशी पडदा पाहिला. नवीन बटण कुठल्याच ओळीत नव्हतं. जरा खाली, जरा उजवीकडे, शाळेच्या ग्रुप फोटोत एखादा उशिरा आलेला मुलगा उभा राहतो तसं. सरांचा हात माऊसकडे गेला. एवढंसं वर घेऊ या का, म्हणाले, वरच्या बटणांच्या रेषेत येईल.

समीक्षाने माऊस स्वतःकडे ओढून घेतला.

*

आणि आता तो रविवार.

काका सकाळीच आले. सोबत एक रिकामी बॅग, आजोबांच्या कपड्यांसाठी. गौरवचे बाबा बसवर ड्रायव्हर आहेत, त्यांची ड्यूटी होती. ते जाताना एवढंच सांगून गेले होते, की बाबा म्हणतील तसं. समीक्षा आणि मी टॅब बघायला आलोय असं सांगून भिंतीला टेकून बसलो होतो. काकूंनी बॅगेकडे एकदाच पाहिलं आणि त्या आजोबांच्या शर्टांच्या घड्या घालायला लागल्या.

काका वाईट नाहीत. त्यांनी आजोबांच्या पायाशी बसून सगळं नीट समजावलं. लिफ्ट आहे, बाथरूम खोलीला लागून आहे, खाली बाग आहे, काकी दिवसभर घरी असते. इथे तुम्ही तीन जिन्यांमुळे खालीसुद्धा उतरू शकत नाही. मग त्यांनी आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग निघायचं ना, बाबा?"

आजोबांनी तोंड उघडलं. मला कळलं काय येणार ते. गौरवलाही कळलं, त्याने उशी घट्ट धरली होती. पण आजोबांनी तोंड परत मिटलं आणि बोट ठेवलं.

"माका नको!" टॅब ओरडला. माझ्या आवाजात.

काका दचकले. मग हसले. "हात लागला चुकून."

आजोबांनी टॅबकडे पाहिलंही नाही. काकांच्या डोळ्यांत बघत त्यांनी परत दाबलं. "माका नको!"

काकांचं हसू थोडं कमी झालं. ते गौरवला म्हणाले, की त्यांना काय समजतंय रे, ते काहीही दाबतायत. आणि आजोबांकडे वळून, लहान मुलाची परीक्षा घेतात तशा आवाजात म्हणाले, "बरं बाबा, मला चहा दाबून दाखवा बघू."

 आजोबांचं बोट वर गेलं.

"चाय हाड गो!"

काकू सवयीने उठल्या. हातातला शर्ट तसाच होता. आजोबांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. खाली बसा, असं खुणेने सांगितलं. काकू बसल्या.

मग आजोबांनी तेच बोट सावकाश काकांकडे वळवलं, आणि ते तिथेच धरून ठेवलं.

काका त्या बोटाकडे बघत होते.  काका उठले. उठताना त्यांनी रिकामी बॅग पायाने कॉटखाली सरकवली आणि ते आत गेले. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, मग डबे उघडल्याचे, मिटल्याचे आवाज.

"वहिनी," काका आतून म्हणाले, "साखर कुठे ठेवलीय?"

"वरच्या फळीवर," काकूंनी बसल्या जागेवरून सांगितलं. "डावीकडून तिसरा डबा."